अमेझॉनकाठचे दोन पाखरवेडे

अमेझॉनच्या अरण्यातील विश्रामगृहात उतरलेल्या पाहुण्याला हल्ली पहाटे काळोखातच उठवतात. गळ्यात दुर्बीण अडकवून तो होडीत बसतो आणि टूकन, मकाव वहीत टिपून न्याहारीला परततो. दैव जोरावर असेल तर होअत्झिनही दिसतो. याच्या पिलाच्या पंखांना नख्या असतात. शत्रू आला की ते खुशाल पाण्यात उडी घेते आणि मग नख्यांनी धरत धरत पुन्हा झाडावर चढते! या साऱ्यात कुणाचे पीसही झडत नाही. पण या निरुपद्रवी छंदाचे पूर्वज बंदूक घेऊनच होडीत बसत.

१८४८ च्या मे महिन्यात आल्फ्रेड रसेल वॉलेस आणि हेन्री वॉल्टर बेट्स हे दोन इंग्रज तरुण पारा बंदरात उतरले. एक पंचवीस वर्षांचा, दुसरा तेवीस. घरची श्रीमंती नव्हती. पक्षी, फुलपाखरे, किडे जमवायचे, लंडनच्या दलालाकडे धाडायचे आणि विक्रीच्या पैशांवर पुढची मजल मारायची, असा रोकडा व्यवहार होता. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

वॉलेस रिओ नेग्रो नदीवर गेला. तिच्या बेटांवर त्याला छत्रीपक्षी मिळाला. कावळ्याएवढा, काळाभोर, डोक्यावर पिसांची छत्री आणि गळ्याखाली लोंबता पिसांचा झुबका. पण खरे धन त्याला तिथल्या शिकाऱ्यांकडून मिळाले. अमुक प्राणी हवा असेल तर ते सरळ नदी ओलांडून पलीकडे जात, कारण एका तीरावर अगदी काठाशी आढळणारा प्राणी दुसऱ्या तीरावर औषधालाही सापडत नसे.

त्याला मदत करायला आलेला धाकटा भाऊ हर्बर्ट १८५१ मध्ये पारा येथे पीतज्वराने वारला. पुढच्या जुलैत वॉलेस 'हेलन' जहाजाने मायदेशी निघाला. ६ ऑगस्ट १८५२ रोजी भर समुद्रात जहाज पेटले. हाती लागलेल्या पेटीत मासे आणि ताडवृक्षांची काही चित्रे तेवढी वाचली. कित्येक वर्षांचा संग्रह डोळ्यांदेखत जळाला. सोबत आणलेले पोपट आणि माकडेही गेली. एक पोपट दोरीवर बसला होता. दोरी जळून तुटली, तो पाण्यात पडला आणि होडीतल्यांनी त्याला उचलून घेतले. तो एकटाच वाचला. उघड्या होड्यांत दहा दिवस काढल्यावर दुसरे जहाज भेटले.

नमुने गेले, पण शिकाऱ्यांची गोष्ट डोक्यात शाबूत होती. त्याच डिसेंबरात लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळात त्याने अमेझॉनच्या माकडांवर निबंध वाचला आणि मोठ्या नद्या या प्राण्यांच्या सरहद्दी आहेत, हे मांडले.

बेट्स मात्र १८५९ पर्यंत तिथेच राहिला. एकदा त्याने कुरळ्या तुऱ्याचा टूकन पाडला. (टूकनची चोच पाहून आपल्याला कोकणातला धनेश आठवावा, पण दोघांचे नाते नाही.) पक्षी मेला नव्हता, धरायला जाताच त्याने किंकाळी फोडली. क्षणापूर्वी जिथे एकही पाखरू दिसत नव्हते, तिथे फांदीफांदीवरून, वेलींना झोके घेत, सारा थवा कर्कश ओरडत बेट्सच्या अंगावर उतरू लागला. लांब काठी असती तर त्यातले कित्येक लोळवता आले असते, इतके ते जवळ आले. त्याने जखमी पक्ष्याला मारले. किंकाळी थांबली, आणि बंदूक पुन्हा भरून होईपर्यंत थवा नाहीसा झाला होता.