पॉली उम्रीगर सोलापूरचे की मुंबईचे?

सोलापुरात पार्क मैदानावर क्रिकेट बघत वाढलेल्या जुन्या माणसाला विचारा, तो छाती फुगवून सांगेल: पॉली उम्रीगर आपल्या गावचे. कसोटीत भारताकडून पहिलं द्विशतक त्यांचं, १९५५ साली हैदराबादला, न्यूझीलंडविरुद्ध २२३. पण जन्मस्थळ शोधायला गेलात तर कुठे सोलापूर सापडतं, कुठे मुंबई. जन्म इथला आणि नोंद मुंबईची, असं सांगितलं जातं. वडिलांचा कापडाचा धंदा होता आणि पॉली शाळेत असतानाच कुटुंब मुंबईला गेलं.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये हा सगळा मजकूर मी पहिल्याच पानावर मोठ्या थाटात घातला होता. गाईडनी समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिला: 'मग?'

दोन दिवस राग आला, खोटं कशाला बोलू. पण तुम्हीही खेळाच्या राजकारणावर, अर्थकारणावर काम करायचं म्हणत असाल, तर हा 'मग?' आधी स्वतःला विचारून बघा. खेळाडूविषयीचं प्रेम म्हणजे संशोधनाचा प्रश्न नव्हे.

प्रश्न मला सापडला तो गिरणीच्या भोंग्यात. सोलापूरची जुनी गिरण १८७७ची. १९३४च्या फॅक्टरी कायद्याने बारमाही गिरण्यांतल्या कामगाराचा आठवडा ५४ तासांवर आणला, त्याआधी तो ६० तासांचा होता. आता हिशेब करा. मोठ्या क्रिकेटचा सामना तीन-चार दिवस चालणार. कुस्तीचा फड एका संध्याकाळी आटोपतो. मग कोणता खेळ कुणाच्या वाट्याला येतो, हे आवडीनिवडीवर कितपत ठरतं? खेळायला लागणारा मोकळा वेळ हीच मुळात एक मालमत्ता आहे, आणि ती गावात सारखी वाटलेली नव्हती.

आता मुंबईकडे या. १९४४ साली उम्रीगर पंचरंगी स्पर्धेत उतरले ते पारशी संघातून. तेव्हा हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि 'उर्वरित' असे संघ होते. गांधीजींनी १९४० साली धर्मावर आधारलेल्या अशा क्रिकेटला उघड विरोध केला आणि १९४६ मध्ये स्पर्धा बंद झाली, हे पाठ्यपुस्तकी उत्तर झालं. पण १९३७ बघा. त्या वर्षी हिंदू संघ स्पर्धेत उतरलाच नाही. भांडण कशाचं? नव्या ब्रेबर्न स्टेडियमवर कोणत्या जिमखान्याला किती जागा मिळणार याचं! धर्म आणि तिकीटविक्री एकाच बाकावर बसलेली असतात ती अशी. (कुटुंब क्रिकेटसाठीच मुंबईला गेलं, असं लिहायचा मोह इथे होतो. लिहू नका. धंदा, शाळा, नातलग, कारणं कितीही असू शकतात.)

बोर्डाचं राजकारणही याच चरित्रात भेटतं. जानेवारी १९५९मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या मद्रास कसोटीच्या आदल्या दिवशी संघनिवडीच्या वादातून उम्रीगरांनी कर्णधारपद सोडलं. विनू मांकड कर्णधार झाले. संघ नेमका कुणाचा, हे भांडण आयपीएलने आणलेलं नाही.

करिअरचं विचाराल तर, आपल्याकडे 'क्रीडा-इतिहास विभाग' शोधत बसू नका. प्रशांत किदांबी आधी वसाहतकालीन मुंबई शहराचे इतिहासकार, मग २०१९चं 'क्रिकेट कंट्री'. विषय १९११चा इंग्लंड दौरा: कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग, आणि ११४ बळी घेणारे पळवणकर बाळू, ज्यांनी पुण्यात युरोपियनांच्या क्लबवर खेळपट्टीची नोकरी केलेली. शहर, भांडवल आणि जात आधी नीट कळली असली की असा दौरा वाचता येतो. रामचंद्र गुहा समाजशास्त्र आणि पर्यावरणाच्या इतिहासातून क्रिकेटकडे आले, अर्जुन अप्पादुराई मानववंशशास्त्रातून. म्हणून सोलापूरवर काम करणाऱ्याने क्रिकेटच्या पुस्तकांआधी इथल्या गिरण्यांवरचं मंजिरी कामत यांचं लेखन वाचावं. त्यानंतर नगरपालिकेची दप्तरं: मैदानाची जागा कुणाची, भाडं किती, परवानगी कुणाला.

हे काम कंटाळवाणं आहे. धूळ खाऊन शिंका येतात आणि चार दिवसांत एक ओळ हाती लागते. 'खेळावर पीएचडी? मज्जाय तुझी' म्हणणाऱ्या मित्राला एकदा सोबत न्यावं.

माझ्या नव्या सिनॉप्सिसमध्ये उम्रीगर तिसऱ्या प्रकरणात येतात, दीड पानापुरते. पहिलं प्रकरण भोंग्याच्या वेळांवर आहे.