वेरुळाचीं दोन चित्रें : परीक्षण व जतन

जळगांव येथील एका घराण्याच्या संग्रहांत व धुळें येथील एका सद्गृहस्थांच्या बैठकींत वेरुळच्या कैलास लेण्याचें एकच रंगीत चित्र आम्हांस पाहावयास मिळालें. धुळ्याचें टवटवीत, सोनेरी चौकटींतलें. जळगांवचें पिवळें पडलेलें व एका कोपऱ्यास कसरीनें खाल्लेलें. यांत अस्सल कोणतें, असें उभय मालकांनीं विचारल्यावरून हें टिपण लिहीत आहों.

प्रथम मूळ संचाविषयीं. जेम्स वेल्स या स्कॉच चित्रकारानें १७९५ सालीं वेरुळचीं लेणीं रेखाटलीं. त्याच सालीं तो वारला. त्याचीं रेखाटनें तांब्याच्या पत्र्यांवर उतरवून थॉमस डॅनियल यानें १८०३ सालीं लंडन येथें २४ चित्रांचा संच प्रसिद्ध केला. पत्र्यावर राळेची पूड बसवून तो अम्लानें कोरीत. त्यामुळें छायेस बारीक रवा येई. छापलेल्या कागदावर मग जलरंग हातानें भरीत.

आतां परीक्षा. भिंगाखालीं धुळ्याच्या चित्रांत सर्वत्र ओळींनीं मांडलेले एकसारखे ठिपके दिसले. अर्थात् ती मागाहून यंत्रावर छापलेली प्रतिकृति होय. जळगांवच्या चित्रांत रव्याचें वेडेंवांकडें जाळें, क्वचित् रेषेबाहेर गेलेला जलरंग व कागदांत दबलेली पत्र्याची कड स्पष्ट आहे. अस्सल तें हेंच.

परंतु चौकट बसविणारानें त्याच्या तीन समासांस कात्री लाविली होती. खालचा समास मागें दुमडला गेला म्हणूनच त्यावरील बारीक मजकूर वांचला व संच ओळखतां आला. वेल्सच्या आधीं, पेशवे दरबारांतील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याजकरितां, पुण्याच्या गंगाराम तांबट यानें याच लेण्यांचीं चित्रें काढलीं होतीं. कोणतें चित्र कोणाचें, हें ताडण्यास असा मजकूर फार उपयोगी पडतो. पोथीची पुष्पिका फाडावी तसेंच हें समास कापणें होय. शिक्षकी करीत असतां आम्हींच एका जुन्या नकाशाचा समास चौकटीसाठीं कापविला. त्याचें मुद्रणवर्ष अद्याप आम्हांस ठरवितां आलेलें नाहीं. म्हणून हा आग्रह.

जतनाविषयीं थोडेंसें. खानदेशच्या उन्हाळ्यानें कागद ठिसूळ होतो व पावसाळ्यांत त्यास बुरशी धरते. चित्र उन्हांत किंवा ओलसर भिंतीवर टांगूं नये. तें कांचेस चिकटूं देऊं नये. पाठीचा लांकडी लगद्याचा पुठ्ठा अम्लानें कागद जाळतो. त्याऐवजीं कापसाच्या लगद्याचा घालावा. फाटल्यास गव्हाच्या सत्त्वाची खळ व पातळ जपानी कागद वापरावा. चिकटपट्टी कदापि लावूं नये. डाग धुण्याचें काम जाणत्यासच सोंपवावें. फिकटलेल्या जागीं नवा रंग भरणें म्हणजे पुरावाच खोडणें.

जळगांवच्या मालकांनीं चित्र चौकटींतून काढून, दुमडलेला समास उलगडून, पेटींत सपाट ठेविलें आहे. धुळ्याच्या सद्गृहस्थांनींहि आमच्या सांगण्यावरून आपल्या चित्रामागें 'प्रतिकृति' असें लिहिलें. पुढील पिढीची फसगत त्यामुळें टळेल.