यादवी युद्धातील नागरिकांवरील हिंसा

यादवी युद्धातील नागरिकांवरील हिंसा म्हणजे अंतर्गत सशस्त्र संघर्षात, लढाईत सहभागी नसलेल्या लोकांची हेतुपुरस्सर केलेली हत्या, लूट, अपहरण किंवा विस्थापन होय. तिच्यामागे केवळ द्वेष वा क्रौर्य नसते. धान्य, पैसा, माणसे आणि माहिती सशस्त्र गटांना गावांतूनच मिळवावी लागते, हे तिचे प्रमुख कारण मानले जाते.

कारणमीमांसा

राज्यशास्त्रज्ञ स्टॅथिस कॅलिव्हास यांनी ‘द लॉजिक ऑफ व्हायलन्स इन सिव्हिल वॉर’ (२००६) या ग्रंथात निवडक आणि सरसकट हिंसा असा भेद केला. त्यांच्या मते, जेथे एखाद्या गटाचे वर्चस्व असते पण पूर्ण ताबा नसतो, तेथे निवडक हत्या अधिक होतात. कारण तेथे खबर देणारे मिळतात आणि प्रतिपक्षाकडे जाणारी माहिती रोखण्याची निकडही असते. जुन्या वैरातूनही अनेकांवर आळ घेतला जातो. सरसकट हिंसेने मात्र लोक बहुधा विरोधकांकडे ढकलले जातात.

खानदेश

शिंदे-होळकर संघर्षात, १८०२ मध्ये, यशवंतराव होळकरांच्या फौजेने खानदेशात लुटालूट केली. सध्या नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात असलेले सुलतानपूर हे एकेकाळचे भरभराटीचे ठिकाण त्यात उद्ध्वस्त झाले. त्या काळी फौजांचे पगार थकत असत व लुटीवर त्यांचा निर्वाह चाले. शिवाय मुलूख उजाड झाल्याने शत्रूचा महसूल बुडे. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. गावांची राखण करणाऱ्या भिल्लांचे परंपरागत हक्क बुडाले आणि त्यांच्यातील अनेक टोळ्या लुटीकडे वळल्या. १८१८ नंतर ब्रिटिशांनी केलेला केवळ लष्करी उपाय अपुरा ठरला. १८२५ पासून माफी, शेतीसाठी मदत आणि जेम्स आउट्रम यांनी उभारलेल्या भिल्ल पलटणीतील नोकरी यांची जोड दिल्यावर लूटमार कमी होत गेली.

गडचिरोली

गडचिरोली जिल्ह्यातील माओवादी संघर्षाला सहसा यादवी युद्ध म्हटले जात नाही. तथापि माहितीसाठी होणाऱ्या हिंसेचे ते महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण आहे. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया व लगतच्या परिसरातील चकमकींत ४० माओवादी मारले गेले. पोलिसांना खबर दिल्याचा आरोप ठेवून जानेवारी २०१९ मध्ये माओवाद्यांनी कसनासूरच्या तीन गावकऱ्यांची हत्या केली.

कायदेशीर स्थिती

१९४९ च्या चारही जिनिव्हा करारांतील सामाईक कलम ३ अंतर्गत सशस्त्र संघर्षातील सर्व पक्षांना लागू होते. लढाईत सहभागी नसलेल्यांची हत्या, छळ व त्यांना ओलीस ठेवणे त्यानुसार निषिद्ध आहे.