दिब्ला कीं रिब्ला ?

यहेज्केल या हिब्रू भविष्यवाद्याच्या ग्रंथांत, ६ व्या अध्यायाच्या १४ व्या वचनांत, देशाच्या उजाडीची व्याप्ति सांगतांना ‘दिब्ला’ हें स्थलनाम आलें आहे. अरण्यापासून दिब्लापर्यंत भूमि ओसाड होईल, असा या वचनाचा अर्थ पुष्कळ पंडित लावतात. परंतु या नांवाचें सीमास्थान हिब्रू ग्रंथांत इतरत्र आढळत नाहीं. मोआबांत बेथ-दिब्लाथइम नांवाचें गांव होतें खरें. पण तें मृत समुद्राच्या पूर्वेस. दक्षिणेकडील अरण्याच्या समोरचें, देशाचें दुसरें टोक म्हणून तें शोभत नाहीं.

मूळ पाठ ‘रिब्ला’ असावा, ही कल्पना जुनी आहे. पांचव्या शतकाच्या आरंभीं जेरोम यानें आपल्या टीकेंत ती मांडली. हिब्रू लिपींत ‘द’ व ‘र’ यांचीं अक्षरें जवळजवळ सारखीं. एकाचा वरचा कोपरा टोकदार, दुसऱ्याचा वाटोळा, इतकाच भेद. आपल्या पोथ्यांत घ-ध किंवा ब-व यांची अदलाबदल ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस याचें नवल वाटणार नाहीं.

रिब्ला हें ओरोंटीस नदीकांठचें, हमाथच्या मुलुखांतील लष्करी ठाणें. इ. स. पू. ६०९ मध्यें मिसरच्या नखो राजानें यहोआहाजास येथेंच बंदींत घातलें. पुढें यरुशलेम पडल्यावर (इ. स. पू. ५८७, दुसऱ्या गणनेनें ५८६) सिद्कीया राजास येथें आणून त्याच्यादेखत त्याच्या पुत्रांचा वध केला व नंतर त्याचे डोळे काढले. सीरियांत होम्सच्या दक्षिणेस त्याच नांवाचें खेडें अद्याप आहे. अरण्य दक्षिणेस व रिब्ला उत्तरेस घेतल्यास सबंध देश वचनांत सामावतो.

‘दिब्ला’पक्षाचे लोक प्राचीन ग्रीक भाषांतराची साक्ष काढतात, तेथें ‘देब्लाथा’ असें आहे. पण तेंच भाषांतर यिर्मयाच्या ५२ व्या अध्यायांत, जेथें हिब्रू पाठ निःसंशय ‘रिब्ला’ आहे, तेथेंहि ‘देब्लाथा’च लिहितें. अर्थात् या साक्षीनें निर्णय होत नाहीं. उलट हा अक्षरभ्रम किती सुलभ होता, हेंच दिसतें.

सारांश, अर्थ लावतांना ‘रिब्ला’ घ्यावा, हें आम्हांस युक्त दिसतें. तथापि मूळांत परंपरागत ‘दिब्ला’च छापून ‘रिब्ला’ समासांत द्यावा. लेखकप्रमाद कितीहि उघड असला, तरी पोथींतील अक्षर खोडण्याचा अधिकार शोधकास पोंचत नाहीं. जेरोमास शंका घेतां आली, ती तें अक्षर त्याच्यापर्यंत जसेंच्या तसें आलें म्हणूनच.