मास्तर आणि मेस्त्री

रत्नागिरीत चिऱ्याचं घर बांधायचं तर आधी मेस्त्री गाठावा लागतो. हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून किनाऱ्याला लागला, ‘मास्तर’ इंग्रजीतून आला. दोघांचं मूळ मात्र एकच, लॅटिन ‘मागिस्तेर’, आणि त्याच्या पोटात ‘मागिस’ म्हणजे ‘अधिक’. एक भिंत ओळंब्यात धरतो, दुसरा पोर. पुलंच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’त रत्नागिरीचा अंतू बर्वा सगळ्यांना आठवतो; त्याच पुस्तकातले चितळे मास्तर मला मराठी साहित्यातले सर्वांत मोठे मार्गदर्शक वाटतात. मुलांसाठी चपला झिजवणाऱ्या या माणसाला ‘गुरुवर्य’ म्हटलं असतं तर तो परका झाला असता. ‘मास्तर’मध्ये आदर आहे आणि सलगीही. हल्ली ‘सर’पुढे हा शब्द मागे पडतोय. तो वापरत राहा.