इंजिन मॉडिफाय केलं, पण ताकद खरंच वाढली का? डायनोचा आकडा कसा वाचायचा

नवा एअर फिल्टर, फ्री-फ्लो एक्झॉस्ट आणि ईसीयू रिमॅप. एवढं काम झालं की मालकाला पहिला प्रश्न पडतो, "किती बीएचपी वाढली?" उत्तर बहुतेक वेळा अंदाजाने दिलं जातं. आवाज मोठा झाला की पिकअपही वाढल्यासारखा वाटतो. पण कानाला जे वाटतं ते मोजमाप नव्हे. हजारो रुपये खर्च करायचे असतील तर ताकद मोजतात कशी आणि त्या आकड्यात गडबड कुठे होते, हे समजून घेतलेलं बरं. नाशिकसारख्या उंचावरच्या शहरात तर ते जास्तच गरजेचं आहे.

हलक्या गाडीत हा प्रश्न अवघड का?

हलक्या स्पोर्ट्स कारचं इंजिन सहसा छोटं असतं. आपल्याकडे बनलेली सॅन स्टॉर्म आठवून पाहा: दोन सीट, फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन आणि ताकद जेमतेम ६० पीएसच्या आसपास. अशा इंजिनात ५ टक्के वाढ म्हणजे फक्त ३ पीएस. मोजण्यातली चूकही सहज तेवढीच असते. त्यामुळे दिसलेली वाढ खरी की मोजणीतली, हे वेगळं काढणं हेच मुख्य काम.

डायनो नेमकं काय मोजतो?

डायनो थेट ताकद मोजत नाही. तो टॉर्क आणि फिरण्याचा वेग मोजतो आणि त्यावरून ताकद काढतो. टॉर्क न्यूटन मीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा आणि ७,०२४ ने भागा, उत्तर पीएसमध्ये येतं.

गॅरेजमध्ये दोन प्रकारचे रोलर डायनो दिसतात. इनर्शिया डायनोत गाडीची चाकं एक जड ड्रम फिरवतात आणि ड्रम किती झपाट्याने वेग घेतो त्यावरून ताकद काढली जाते. ब्रेक डायनोत रोलरला विजेच्या ब्रेकने अडवून धरतात, त्यामुळे एकाच आरपीएमवर इंजिन स्थिर ठेवून तपासता येतं. दोघांचे आकडे जुळतीलच असं नाही. म्हणून एका डायनोवरचा 'आधी' आणि दुसऱ्या डायनोवरचा 'नंतर' यांची तुलना करायची नाही.

कंपनी सांगते ती ताकद इंजिनाच्या क्रँकवरची असते. रोलरवर मिळते ती चाकावरची, म्हणजे गिअरबॉक्स आणि टायरमध्ये थोडी खर्ची पडल्यानंतर उरलेली. "१५ टक्के मिळवा, क्रँकचा आकडा येईल" हा फक्त ठोकताळा आहे. गाडी, टायर आणि डायनो बदलला की तोही बदलतो. आपल्याला वाढ मोजायची आहे, त्यामुळे दोन्ही वेळा चाकावरचाच आकडा घ्या.

एककही तपासा. १ बीएचपी म्हणजे ७४५.७ वॅट, तर १ पीएस म्हणजे ७३५.५ वॅट. आधीचा आकडा बीएचपीत आणि नंतरचा पीएसमध्ये असेल, तर काही न करताच सव्वा टक्क्याहून जास्त वाढ दिसेल.

नाशिकची हवा आणि आकड्यांचा खेळ

इंजिनाला पेट्रोलइतकीच हवा लागते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब मुंबईच्या तुलनेत साधारण ७ टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे टर्बो नसलेली गाडी कसारा घाट उतरून मुंबईला गेली की काही न बदलता थोडी जास्त ताकद देते.

तापमानाचाही असाच परिणाम होतो. यासाठी डायनोचं सॉफ्टवेअर 'करेक्शन' लावतं, म्हणजे मोजलेला आकडा २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेच्या दाबावर आणून ठेवतं. आयएसओ १५८५ च्या सूत्राने नाशिकसाठी हिशोब केला तर मे महिन्यातल्या ३८ अंशांच्या दुपारी गुणक साधारण १.११ येतो आणि जानेवारीतल्या १२ अंशांच्या सकाळी साधारण १.०४.

याचा अर्थ असा: प्रमाणित हवेत ६० पीएस देणारं इंजिन मेच्या दुपारी सुमारे ५४ आणि जानेवारीच्या सकाळी सुमारे ५७-५८ पीएस देईल. 'आधी'चा रन मेमध्ये आणि 'नंतर'चा जानेवारीत घेतला, करेक्शन लावलं नाही, तर गाडीला हात न लावताही जवळपास ७ टक्के वाढ दिसेल!

करेक्शनलाही मर्यादा आहे. त्याच मानकानुसार गुणक ०.९३ ते १.०७ मध्ये असावा. मेची दुपार या मर्यादेबाहेर जाते. टर्बो गाडीत ईसीयू बूस्ट स्वतःच सांभाळतो, तिथे हेच करेक्शन लावलं तर आकडा उगाच फुगू शकतो.

रस्त्यावर मोजलं तर?

गाडी वेग किती वेळात घेते त्यावरूनही ताकद काढता येते. ड्रायव्हरसह ९०० किलोची गाडी ६० वरून ८० किमी वेगाला ४ सेकंदांत गेली, तर फक्त वेग वाढवायला सरासरी २४.३ किलोवॅट, म्हणजे सुमारे ३३ पीएस लागले. हवेचा आणि टायरचा विरोध वेगळा. हाच वेळ ३.८ सेकंद झाला तर वाढ सुमारे पावणेदोन पीएस.

आता गंमत पाहा. रस्त्याला १ टक्का चढ असेल तर त्याच वेगात तो एकटाच सव्वादोन पीएसहून जास्त खातो. ७० किलोचा मित्र शेजारी बसला की वजन जवळपास ८ टक्क्यांनी वाढतं. म्हणून दोन्ही दिशांना रन घ्या, वजन आणि पेट्रोल सारखं ठेवा आणि मोबाईलच्या साध्या जीपीएसऐवजी सेकंदाला किमान १० वेळा नोंद घेणारा लॉगर वापरा. ही चाचणी बंद ट्रॅकवरच करायची, हायवेवर नाही.

भरवशाची चाचणी कशी करावी?

- काम करण्यापूर्वीचा रन आधी घ्या. तो नसेल तर वाढ सिद्ध होत नाही.
- तोच डायनो, तोच गिअर, टायरमध्ये तेवढीच हवा, पट्टे तेवढेच ताणलेले.
- इंजिन ऑइल आणि टायर गरम झाल्यावर किमान तीन रन घ्या. सर्वात मोठा आकडा नको, सरासरी घ्या.
- समोर मोठा पंखा हवाच. आत जाणारी हवा तापली की ईसीयू इग्निशन मागे घेतो आणि ताकद पडते.
- जमत असेल तर जुना पार्ट परत लावून पुन्हा मोजा. आकडा खाली आला तरच वाढ त्या पार्टची.
- रिमॅपनंतर हवा-पेट्रोलचं प्रमाण आणि नॉकिंगही तपासा. चार पीएससाठी पिस्टन गमावणं परवडत नाही.

तीन रनमध्येच दोन पीएसचा फरक पडत असेल, तर दोन पीएसच्या वाढीचा दावा सोडून द्यावा.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. स्पर्धेसाठीची गाडी आणि रोजची गाडी यात हा फरक लक्षात ठेवा.

शेवटी काय पाहायचं?

गॅरेजकडून फक्त कमाल बीएचपी मागू नका. दोन्ही रनचे पूर्ण आलेख एकाच कागदावर मागा. त्यावर तारीख, तापमान, दाब, करेक्शनचा प्रकार आणि एकक छापलेलं असावं. नंतर ३,००० ते ४,५०० आरपीएमचा भाग पाहा, कारण शहरात आणि घाटात गाडी तिथेच चालते. वर ६,५०० ला तीन पीएस मिळाले आणि खाली टॉर्क गेला, तर कागदावर गाडी जोरदार आणि रस्त्यावर मंद, असा सौदा होतो.