दुसरा स्पीकर ठेवायचा कुठे?

पॉल क्लिप्श या अमेरिकी इंजिनिअरने 1940च्या दशकात बाजारात आणलेला ‘क्लिप्शहॉर्न’ हा स्पीकर चार फुटांहून उंच होता आणि त्याला खोलीचा कोपराच लागे. कोपऱ्याच्या दोन्ही भिंती त्याच्या कर्ण्याचे काम करत. आवाज असा, की ऑर्गनचा खर्ज छातीत घुमावा. पण घरच्या माणसांच्या दृष्टीने ते बैठकीच्या खोलीत येऊन बसलेले एक कपाट होते. त्याआधी त्या कोपऱ्यात जे काही असेल त्याची रवानगी दुसरीकडे करावी लागे.

एका कपाटासाठी घरच्यांना कसेबसे पटवता येई. 1958 साली स्टिरिओ तबकडी दुकानांत आली आणि तिने तसलेच दुसरे कपाट मागितले.

तोवर तबकडी ऐकण्याचा शौक बराच पुढे गेला होता. 78 फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची. ती लाख बहुतांशी भारतातल्या जंगलांतून परदेशी जाई. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावे. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांना आपला ख्याल तेवढ्यात बसवावा लागला, तो याच तबकडीमुळे. जून 1948 मध्ये कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कमध्ये मिनिटाला 33⅓ फेऱ्या घेणारी, विनाइलची एलपी दाखवली. एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त संगीत, आणि सुईची खरखरही कमी. 1955 साली अली अकबर खाँ अमेरिकेत गेले, तेव्हा त्यांचे सरोदवादन अशाच एलपीवर आले. राग सावकाश मांडायला आता जागा होती.

तबकडीवरचा आवाज सुधारला तशी घरातल्या यंत्राची उणीव कानाला खटकू लागली. आपल्याकडे ज्याला रेडिओग्राम म्हणत, तसे सागवानी किंवा अक्रोडी लाकडाचे एकसंध कपाट अमेरिकेतही लोकप्रिय होते. रेडिओ, तबकडीयंत्र, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, सगळे एकाच पोटात. दिसायला देखणे, पण एक भाग सुधारायचा तर सगळे कपाट बदला. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी रडार आणि वायरलेस दुरुस्त करून हात बसलेली तरुण मंडळी हे ऐकून घेईनात. त्यांनी टर्नटेबल एका कंपनीचे, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्याचा, स्पीकर तिसऱ्याचा असे सुटे भाग जमवायला सुरुवात केली. ‘हाय-फाय’ म्हणतात तो छंद असा सुरू झाला.

स्टिरिओची कल्पना मात्र या सगळ्यांहून जुनी. लंडनच्या ईएमआय कंपनीतला अ‍ॅलन ब्लूमलाइन होणाऱ्या बायकोबरोबर बोलपट पाहत असताना त्याला जाणवले, की पडद्यावरचे पात्र एका कडेला आहे आणि आवाज भलतीकडून येतो आहे. डिसेंबर 1931 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्यात तबकडीच्या एकाच खाचेत दोन आवाज कोरण्याची युक्तीही होती. खाचेला इंग्रजी ‘व्ही’सारख्या दोन भिंती असतात. एका भिंतीवर डावीकडचा आवाज, दुसरीवर उजवीकडचा, आणि दोन्ही भिंती 45 अंशांनी कललेल्या. सुई एकच, पण ती दोन्ही भिंतींची नागमोड एकदमच वाचते. 1942 साली रडारची चाचणी घेणारे विमान कोसळून ब्लूमलाइन गेला. त्याच्या कल्पनेला साजेशी तबकडी दुकानात येईपर्यंत आणखी सोळा वर्षे गेली.

ती आली तेव्हा तिला घरात जागा करून देणारा माणूस चार वर्षे आधीच कामाला लागलेला होता. एडगर व्हिल्चर शिकला कलेचा इतिहास. युद्धात लष्करात असताना त्याने इलेक्ट्रॉनिक्स आत्मसात केले. नंतर न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये रेडिओचे दुकान टाकले आणि संध्याकाळी विद्यापीठात ध्वनिपुनर्निर्मितीचा वर्ग घेऊ लागला. त्याला पडलेला प्रश्न साधा होता. स्पीकर मोठाच का लागतो?

स्पीकरचा कागदी शंकू मागेपुढे हलतो तेव्हा त्याला जागेवर परत आणायला कडेची ताठ झालर स्प्रिंगचे काम करते. खर्जाच्या सुरांना शंकूला लांब पल्ला मारावा लागतो, आणि तिथेच ही झालर अडते, आवाज विकृत होतो. व्हिल्चरने झालर मुद्दाम सैल केली आणि खोका सर्व बाजूंनी बंद केला. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने दाबून दांडा खाली रेटला की तो हाताला मागे ढकलतो. बंद खोक्यातली हवा शंकूला नेमके तेच करते. हवेची ही स्प्रिंग लोखंड-कापडाच्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी एकसारखी वागते. शिवाय तिला हवा मोजकीच लागते, म्हणजे खोका लहानच हवा.

सैल झालर बाजारात मिळत नव्हती. व्हिल्चरची पत्नी रोझमेरी युद्धकाळात आराखडे काढण्याचे काम करत असे. तिने गादीच्या अभ्र्याच्या कापडातून झालर बेतली, आणि पहिला नमुना वूडस्टॉकच्या घरात तयार झाला. व्हिल्चरने मोठ्या स्पीकर कंपन्यांना ही कल्पना विकायचा प्रयत्न केला, पण कोणी घेतली नाही. असे शक्य असते तर आमच्या इंजिनिअरांनी ते केव्हाच केले असते, असे एका कंपनीचे म्हणणे पडले.

घेतली ती वर्गातल्या विद्यार्थ्याने. हेन्री क्लॉसकडे केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे खोके बनवण्याची छोटी जागा होती. 1954 साली दोघांनी तिथे ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली. पहिला स्पीकर एआर-1 पुस्तकांच्या फळीवर आडवा ठेवता येई, आणि खर्ज मात्र कपाटाएवढ्या स्पीकरांच्या तोडीचा. कंपनीला पुढे 1958 साली स्टिरिओचा लाभ झाला. दोन क्लिप्शहॉर्न ज्यांच्या घरात मावणार नव्हते, त्यांच्या घरात दोन खोके सहज मावले.

पण या लहान खोक्याची खोड अशी, की तो आळशी. त्याच आवाजासाठी त्याला जास्त वीजशक्ती पाजावी लागे. शिवाय स्टिरिओ म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरही दोन. खर्च वाढला. तो कमी करायची वाट फिलाडेल्फियातल्या डेव्हिड हॅफ्लरने दाखवली. त्याच्या डायनॅको कंपनीने 1959 साली ‘स्टिरिओ 70’ आणला. 35 वॉटचे दोन अ‍ॅम्प्लिफायर एकाच पत्र्यावर, व्हॉल्व्हचे, आणि किंमत 99 डॉलर 95 सेंट. एवढ्यात कसे परवडले? गिऱ्हाइकाला खोक्यात सुटे भाग मिळत, जोडायचे त्याचे त्याने. नाजूक सर्किट कारखान्यातूनच तयार येई. उरलेल्या तारा पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे एकेक करून सोल्डर करायच्या, झालेल्या पायरीवर खूण करायची. संगीतासाठी म्हणून हातात सोल्डरिंग आयर्न धरलेल्या माणसांनी स्टिरिओ 70 घरोघर पोहोचवला, आणि त्याचा खप लाखांत गेला.

उरले टर्नटेबल. तिथेही स्टिरिओने नवे दुखणे आणले. जुन्या एकसुरी तबकडीची सुई फक्त आडवी हालचाल वाचे, उभी थरथर तिच्या गावीही नसे. स्टिरिओची सुई कललेल्या भिंती वाचते म्हणजे वरखाली हालचालही वाचते. त्यामुळे मोटरचा गुरगुराट, जो आधी कोणाला ऐकूच येत नव्हता, तो स्पीकरमधून येऊ लागला. त्यात नव्या स्पीकरांचा खर्ज जमीन हलवी, ती थरथर सुईपर्यंत जाई आणि पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडे. 1961 साली व्हिल्चरने तबकडीची थाळी आणि सुईचा दांडा एकाच पट्टीवर बसवून ती पट्टी तीन स्प्रिंगांवर तरंगती ठेवली. मोटर वेगळी, थाळी फिरवायला फक्त एक रबरी पट्टा. बैठकीवर ठोकले तरी सुई जागची हलत नसे. सुईच्या दांड्यासकट किंमत 58 डॉलर.

तबकडीवर कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाच एवढी रुंद होईल की एलपीवर काही मावायचे नाही. ऐकताना तो परत वाढवावा लागतो. 1954 साली अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने या वाढ-घटीचे एकच माप ठरवले, आणि ‘फोनो’ नावाची खोबण जवळपास प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरला आली. सुई जिच्यात बसवलेली असते त्या कार्ट्रिजमधून निघणारी वीज व्होल्टचा काही हजारांश, ती साध्या खोबणीत लावली तर आवाज दूरच्या माशीसारखा येतो. पहिला संच जोडणारे आजही इथेच हमखास चुकतात.

1960च्या दशकात अमेरिकेतल्या विद्यार्थ्याचा किंवा नव्या संसाराचा पहिला संच ठरल्यासारखा झाला: एआरचे टर्नटेबल, शूअरची कार्ट्रिज, डायनॅकोचा अ‍ॅम्प्लिफायर, फळीवर दोन खोके. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात अकूस्टिक रिसर्चने ऐकण्याची खोली उघडली होती. तिथे बसून निवांत ऐकता येई, विकत मात्र काही मिळत नसे. कंपनी वादकांचे चतुष्टक रंगमंचावर बसवून मध्येच त्यांना थांबवी आणि स्पीकरमधून तेच संगीत पुढे चालू ठेवी. श्रोत्यांनी ओळखायचे, वाजवणारे कोण. 1966च्या सुमाराला अमेरिकेतल्या घरगुती स्पीकरांच्या बाजारातला सुमारे 32 टक्के वाटा या एका कंपनीकडे होता.

पेटंट मात्र व्हिल्चरकडे उरले नव्हते. इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीने न्यायालयात आव्हान दिले, जुने एक पेटंट पुढे आले आणि व्हिल्चरचे रद्द ठरले. तो अपिलात गेला नाही, बंद खोका सगळ्यांना मोकळा झाला. 1967 साली त्याने कंपनी विकली आणि कर्णयंत्रांकडे वळला. तिथली नवी रचना त्याने पेटंट न घेता प्रसिद्ध केली. ऑक्टोबर 2011 मध्ये तो 94 वर्षांचा होऊन वारला, त्याच वूडस्टॉकमध्ये. त्याचा एआर-3 स्पीकर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयात आहे.